सवय कुणाला झाली?

(दृश्य: धंतोलीतली दुपार. रस्ता जवळजवळ रिकामा. रसवंतीच्या चरकाची घुंगरं ऐकू येतात. मग एका पॅथॉलॉजी लॅबचं दार आणि आत स्टीलचं एक कपाट.)

मे महिना आहे. बाहेर पारा ४५ वर. या कपाटात मात्र ३५. जंतू वाढवायचं यंत्र रस्त्यापेक्षा थंड, हे बहुधा नागपुरातच बघायला मिळत असेल. लॅबमधल्या ताई म्हणतात, "लाइट गेली न कूलर बंद पडला, की यातच जाऊन बसावं वाटते."

ताई कपाटातून एक गोल प्लेट काढतात. तळाशी फिकट पिवळसर जेली, मुलर-हिंटन अगार नावाची. काल संध्याकाळी तिच्यावर जंतूंचा पातळ लेप दिला आणि वर कागदाच्या चकत्या मांडल्या, ६ मिलिमीटर रुंदीच्या. प्रत्येक चकतीत एक औषध. सोळा-अठरा तासांत जंतूंची साय धरली. चकतीभोवती मोठं स्वच्छ वर्तुळ राहिलं असेल तर तिथलं औषध लागू आहे. आणि साय अगदी चकतीला जाऊन भिडली असेल, तर नाही.

(दृश्य: प्लेटवर कॅमेरा स्थिर. एका चकतीला साय चिकटलेली.)

ही प्लेट माझ्या मावशीची. म्हणजे तिच्या लघवीत सापडलेल्या ई. कोलाय जंतूंची.

मावशी इतवारीत राहते, वय ६८. वर्षभरात तिसऱ्यांदा लघवीला जळजळ. पहिल्या वेळी डॉक्टरांनी सेफिक्झिम हे अँटिबायोटिक, म्हणजे जंतू मारणारं औषध दिलं, चार दिवसांत बरं वाटलं, उरलेल्या गोळ्या स्टीलच्या डब्यात गेल्या. दुसऱ्या वेळी त्या डब्यातूनच निघाल्या. दोन कमी पडल्या, त्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणल्या. तिसऱ्या वेळी गोळ्यांचा पूर्ण पत्ता संपला तरी फरक नाही.

तिचं म्हणणं असं: "आता मले ही गोळी लागतच नाही वं. अंगाले सवय होऊन गेली तिची."

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. बोललाही असाल. ते ऐकायला इतकं पटतं की त्यातली चूक दिसत नाही. मावशीच्या अंगाला कसलीच सवय झालेली नाही. गोळी तिच्या पोटात विरघळते, रक्तात उतरते, मूत्राशयात पोहोचते, अगदी पहिल्या वेळी पोहोचली तशीच. फरक पडलाय तो जंतूंमध्ये. आणि सवय हा शब्द त्यांनाही लागू नाही, कारण सवय म्हणजे त्याच जिवानं हळूहळू बदलणं. इथे बदलणारे वेगळे आणि मरणारे वेगळे.

(दृश्य: इतवारीतलं जुनं घर. ओसरीच्या कोपऱ्यात हातमागाचा एक लाकडी भाग टेकवून ठेवलेला.)

मावशीच्या सासरी माग होता. काका लुगडी विणायचे. उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा. दोन्ही एकमेकांत गुंतले की कापड. नुसता ताणा म्हणजे लोंबणारी दोरकंडं.

जंतूची भिंत जवळपास अशीच असते. साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या, आणि त्यांना एकमेकींशी बांधणारे प्रथिनांचे आखूड धागे. ही गाठ मारणारी एन्झाइम्स असतात. शाळेच्या पुस्तकात एन्झाइमला विकर म्हणतात, पण विकर म्हटलं की लॅबमधल्या ताईसुद्धा क्षणभर थांबतात, म्हणून आपण एन्झाइमच म्हणू. हा एन्झाइम-विणकर धाग्याचं एक ठरावीक टोक शोधतो, ते पकडतो आणि गाठ मारून सोडून देतो. पेनिसिलिन आणि त्याची भावंडं, ज्यात मावशीचं सेफिक्झिमही येतं, त्या टोकासारखी दिसतात. विणकर फसतो. औषध पकडतो आणि त्याचा हात तिथेच अडकतो. जंतू वाढत राहतो, भिंत विणली जात नाही, शेवटी तो फुटतो.

माणसाच्या पेशींना अशी भिंतच नाही. म्हणून हे औषध आपल्याला फारसं न दुखवता त्याला मारतं.

या सगळ्या औषधांच्या मधोमध चार अणूंचा एक ताणलेला चौकोन असतो, बीटा-लॅक्टम नावाचा. सगळी करामत त्या ताणात आहे. वाकवलेल्या बांबूसारखा तो सुटायला टपलेला असतो. आणि जे विणकराच्या हाती सुटतं, ते दुसऱ्या कुणाच्या हातीही सुटू शकतं.

(दृश्य: कृष्णधवल छायाचित्र, जुनी प्रयोगशाळा.)

१९४० सालचा डिसेंबर. पेनिसिलिन अजून दवाखान्यात पोहोचलेलंही नव्हतं. ऑक्सफर्डमध्ये ते शुद्ध करण्याच्या खटाटोपात असलेल्या एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी छापून टाकलं की काही जंतूंकडे पेनिसिलिन फोडणारं एन्झाइम आहे. औषध बाजारात यायच्या आधी त्याचा तोडगा हजर! लोक म्हणतात, औषधांच्या वापरामुळे जंतूंनी हत्यारं बनवली. ते अर्धंच खरं आहे. बुरशी आणि जंतू यांचं भांडण आपल्या आधीपासूनचं, हत्यारंही जुनीच. आपण फक्त त्यांना रोजचं काम दिलं.

त्या हत्यारांपैकी एक म्हणजे टेम-१. १९६० च्या दशकात अथेन्समधल्या एका रुग्णाच्या रक्तात सापडलेल्या ई. कोलायमध्ये ते आढळलं, आणि त्या रुग्णाच्या नावाची पहिली अक्षरं त्याला मिळाली. हे एन्झाइमही चौकोन पकडतं. पण विणकरासारखा याचा हात अडकत नाही. त्याच्या खोबणीत पाण्याचा एक रेणू तयार उभा असतो, तो मधे घुसतो, चौकोन फोडलेलं औषध बाहेर पडतं, हात मोकळा. लगेच पुढचा रेणू. असे हजारो.

माणसानं मग चौकोनाभोवती मोठी झालर लावली. सेफोटॅक्झिमसारखी तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन औषधं आली, सेफिक्झिमही त्याच कुळातलं. झालर इतकी मोठी की टेम-१ च्या खोबणीत ती मावेना. काही वर्षं बरी गेली.

(दृश्य: संगणकावर एन्झाइमची वळणावळणांची आकृती. एक ठिपका लाल होतो.)

टेम-१ हा प्रथिनाचा एक धागा. अमिनो आम्लांचे २६३ मणी ओवलेले, आणि त्या माळेची गुंडाळी होऊन खोबण बनलेली. त्यातल्या २३८ क्रमांकाच्या जागी ग्लायसिन असतं, सगळ्यात छोटा मणी. जनुकात एक अक्षर चुकलं, जी च्या जागी ए पडलं, तर तिथे सेरिन येतं. सेरिन जरासं मोठं. शेजारचा भाग बाजूला ढकलला जातो, खोबण रुंदावते आणि झालरीसकट औषध आत शिरतं.

एक अक्षर.

हे पाहून कुणाला वाटेल, जंतू किती हुशार. मला उलट वाटतं. पेशी विभागताना अक्षरं चुकतातच, आणि ती औषध पाहून चुकत नाहीत. कोट्यवधी जंतूंत कुणाचं कुठलं अक्षर चुकलेलं असतं. बहुतेक चुका निकामी, कित्येक घातक. त्यातल्या एखाद्याची २३८ वर चुकलेली असते. इतर दिवशी तो त्या गर्दीत कुठे हरवून जाईल. पण ज्या दिवशी मूत्राशयात सेफिक्झिम उतरतं, त्या दिवशी मैदान त्याचं. १९८३ मध्ये जर्मनीतून अशाच एका एन्झाइमची नोंद झाली, टेमच्या चुलत घराण्यातलं, एसएचव्ही. बदल कुठला? तोच. २३८, ग्लायसिनचं सेरिन. वेगळं एन्झाइम, पण अक्षर त्याच जागचं चुकलेलं.

आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. खोबण रुंद झाली याची किंमत पडते. गुंडाळी सैल होते. असं एन्झाइम लवकर उसवतं, आणि साधं पेनिसिलिन फोडण्यातही आधीपेक्षा कच्चं पडतं. मग दुसरी चूक येते, खोबणीपासून लांब, १८२ व्या मण्यावर, मेथिओनिनचं थ्रिओनिन. ती औषधाला हात लावत नाही. ती फक्त सैल झालेली गुंडाळी आवळते. मावशीला हे सांगितलं तेव्हा ती लगेच म्हणाली, "म्हणजे एकीनं ब्लाउज उसवला, दुसरीनं टाका घातला." मी या दृश्यासाठी ग्राफिक बनवायला आठवडा घालवला होता.

गंमत अशी की १८२ वाली चूक एकटी आधी आली, तर तिचा फारसा फायदा नाही. सैल काही नाही, तर आवळायचं काय? म्हणून क्रमाला महत्त्व. २००६ मध्ये डॅनियल वाइनरिच आणि सहकाऱ्यांनी हार्वर्डमध्ये हेच मोजून पाहिलं. टेमच्या जनुकातले पाच बदल घेतले. पाचही एकत्र असले की सेफोटॅक्झिमला तोंड देण्याची ताकद सुमारे १ लाख पटींनी वाढते. पाच बदल एकामागून एक करायचे तर क्रम १२० होतात. त्यांनी एकेक क्रम तपासला. प्रत्येक पावलावर जंतूला आधीपेक्षा जास्त औषध सोसता आलं पाहिजे, नाहीतर तो तिथेच मागे पडतो. या अटीवर १२० पैकी फक्त १८ वाटा चालण्याजोग्या निघाल्या.

(दृश्य: सीताबर्डी, झिरो माइलचा दगड. वरून घेतलेलं रस्त्यांचं जाळं.)

झिरो माइलला उभं राहून कामठीला जायचं आहे, रस्ते १२०, आणि १०२ कुठे ना कुठे बॅरिकेडनं बंद. जंतूला नकाशा दिसत नाही. तो फक्त पुढचं पाऊल टाकतो, तेही आंधळं. मग पोहोचतो कसा? प्रत्येक पावलाला बक्षीस मिळालं तर. औषध भरपूर आणि पुरेसे दिवस असेल, तर एक पाऊल पुढे असलेला जंतूही मरतो, लांब उडी मारलेलाच वाचेल, आणि तशी उडी दुर्मीळ. औषध तुटपुंजं असेल, डब्यातल्या उरलेल्या चार गोळ्यांइतकं, तर एका पावलाचंही बक्षीस मिळतं. मावशीच्याच मूत्राशयात हे घडलं असं मी म्हणत नाही. तिला हा जंतू आयता तयार मिळाला असण्याची शक्यता जास्त. कारण ही जनुकं बहुधा प्लाझ्मिडवर बसलेली असतात, डीएनएच्या छोट्या सुट्या वर्तुळांवर, आणि ती एका जंतूकडून दुसऱ्याकडे, एका जातीतून दुसऱ्या जातीत जातात.

(दृश्य: नाग नदी, पुलावरून. काळसर पाणी. मग भांडेवाडीचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र.)

सव्वीस लाखांच्या घरातलं हे शहर. प्रत्येकाच्या पोटात ई. कोलाय, आणि सगळ्यांचं पाणी शेवटी एकाच उताराला. शहराचं नाव ज्या नदीवरून पडलं म्हणतात, त्या नदीत आज काय मिसळतं हे नागपूरकराला सांगायला नको. भांडेवाडीला त्यातलं बरंच पाणी शुद्ध होतं, कोराडीच्या वीज केंद्राला जातं, आणि या कामात नागपूर देशात पुढे आहे, हेही सांगितलं पाहिजे. पण सांडपाणी ही जंतूंची बाजारपेठ आहे, सगळे एकाच गल्लीत.

(दृश्य: पुन्हा लॅब. ताई दोन चकत्या शेजारी दाखवतात.)

प्लेटकडे परत येऊ. ताईंनी सेफोटॅक्झिमच्या दोन चकत्या ठेवल्या होत्या. एक साधी. दुसरीत क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल मिसळलेलं. हे आम्ल स्वतः जंतू मारण्यात कच्चं, पण टेमसारख्या एन्झाइमचा हात ते अडकवून ठेवतं. साधीभोवती वर्तुळ नाहीच. मिसळलेलीभोवती चांगलं मोठं. फरक ५ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर रिपोर्टवर चार अक्षरं लिहायची: ईएसबीएल. झालरीचं औषधही फोडणारं एन्झाइम. पट्टी लावून मोजलं. जनुक नाही पाहिलं, संगणक नाही, एक प्लॅस्टिकची पट्टी. सात दशकं जुनी युक्ती अजून अशी चालते.

मावशीच्या रिपोर्टवर सेफिक्झिमसमोर आर. म्हणजे रेझिस्टंट.

इथवर एन्झाइम हा औषधाचा शत्रू होता. पण ताईंच्याच मजल्यावर, पलीकडच्या खोलीत, गोष्ट उलटी आहे.

(दृश्य: सीबीनॅट यंत्र. कार्ट्रिज आत सरकतं.)

इथे क्षयाच्या जंतूची तपासणी होते. सुमारे दोन तासांत हे यंत्र सांगतं, जंतू आहे का आणि रिफॅम्पिसिन हे क्षयाचं औषध त्याच्यावर चालेल का. कसं सांगतं? रिफॅम्पिसिन ज्या एन्झाइमला जाऊन चिकटतं, त्याच्या जनुकातली फक्त ८१ अक्षरं ते तपासतं. आरएनए पॉलिमरेज हे ते एन्झाइम, जनुकाची नक्कल करणारं. रिफॅम्पिसिनला दाद न देणाऱ्या क्षयजंतूंपैकी ९५ टक्क्यांहून अधिकांचा बदल त्या ८१ अक्षरांत असतो. इथे जंतू औषध फोडत नाही. औषध जिथे बसतं ती जागाच जराशी बदलते. पाटावर खिळा ठोकावा, तसं.

आणि आयसोनियाझिड? हे औषध गोळीत असतं तेव्हा निरुपद्रवी. क्षयजंतूच्या आत कॅट-जी नावाचं एन्झाइम त्याला उघडतं, तेव्हा कुठे ते विष होतं. आपल्याला मारणारी पुडी जंतू आपल्याच हातानं सोडतो. मग सुटका सोपी वाटेल, ते एन्झाइमच टाकून द्यावं. पण कॅट-जी त्याला हवं असतं, आपल्या पेशी त्याच्यावर जे पेरॉक्साइड फेकतात ते विझवायला. टाकलं तर तिकडून मार. म्हणून सगळ्यात जास्त दिसणारा बदल अगदी नेमका आहे: ३१५ व्या जागी सेरिनचं थ्रिओनिन. औषधाची वाट चिंचोळी होते, पेरॉक्साइडची बरीचशी उघडी राहते. पाहुणा ओळखून दार लावायचं, असं.

क्षयाला एकाच वेळी तीन-चार औषधं का, याचं गणित इथेच आहे. आयसोनियाझिडला चुकवणारा बदल काही कोटी जंतूंत एखाद्यात. रिफॅम्पिसिनला चुकवणारा काही शे कोटींत एखाद्यात. दोन्ही एकाच जंतूत आपोआप? गुणाकार करून बघा. इतके जंतू कुणाच्या फुप्फुसात नसतात. पण औषधं एकेक करून सुटली, तर गुणाकाराचा भागाकार व्हायला वेळ लागत नाही.

(दृश्य: जस्ताचा पत्रा, इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानासमोर.)

जस्त. आपण पत्र्याच्या बादलीला लावतो ते. २००८ मध्ये स्वीडनमध्ये मूळच्या भारतीय असलेल्या एका रुग्णात क्लेबसिएला जंतू सापडला, तो माणूस आधी दिल्लीत दाखल होता. त्या जंतूच्या एन्झाइमला नाव मिळालं न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, एनडीएम-१. बीटा-लॅक्टमेज म्हणजे बीटा-लॅक्टम चौकोन फोडणारं. नावावरून खूप आरडाओरड झाली. शहराचं नाव देऊ नये, हे मला पटतं. पण आपला सगळा राग नावावर खर्च झाला, हेही खरं. हे एन्झाइम जस्ताच्या दोन अणूंच्या जोरावर पाणी धारदार करतं आणि चौकोन फोडतं, कार्बापेनेमसुद्धा, जी आपली राखीव औषधं. क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल इथे चालत नाही, कारण ते ज्या हाताला अडकवतं तो हातच इथे नाही.

आपलं शरीर यावर एक जुना डाव टाकतं. संसर्ग झाला की पांढऱ्या पेशी जस्त लपवतात, जंतूला उपाशी ठेवतात. जस्ताविना एनडीएम-१ ढेपाळतं. आणि नंतर आलेल्या त्याच्या आवृत्त्यांत काय बदललं? १५४ वं मेथिओनिन जाऊन ल्युसिन आलं. त्या बदलानं एन्झाइम जस्त घट्ट धरून ठेवतं, थोडक्यात भागवतं. दुष्काळी गहू. भारतात ई. कोलायमध्ये नेहमी दिसणाऱ्या एनडीएम-५ मध्ये हा बदल आहे.

ॲझट्रिओनॅम नावाचं एक औषध एनडीएमला फोडता येत नाही. डॉक्टर आता ते दुसऱ्या औषधाच्या जोडीनं देतात. तर भारतातल्या ई. कोलायमध्ये एक वेगळीच गोष्ट सापडली: विणकर एन्झाइमपैकी एकात चार जादा मणी घुसलेले. ॲझट्रिओनॅमचा हात त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाही.

पण सगळेच बदल एका दिशेचे नसतात. कार्बापेनेम फोडणाऱ्या केपीसी नावाच्या एन्झाइमवर सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम ही जोडी वापरली, तेव्हा अमेरिकेतल्या काही रुग्णांत १७९ व्या जागी बदल होऊन जोडी निकामी झाली. त्याच बदलानं ते एन्झाइम मेरोपेनेम, म्हणजे एक कार्बापेनेम, फोडायला मात्र विसरलं. एक दार लावताना दुसरं उघडं पडलं. डॉक्टरांना अशी फट दिसली की ते तिच्यातूनच जातात.

(दृश्य: मेडिकल दुकान. काउंटरवर जाड वही.)

सेफिक्झिमच्या पाकिटावर लाल चौकट असते. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१. दुकानदारानं डॉक्टरचं, रुग्णाचं, औषधाचं नाव आणि किती दिलं ते वहीत लिहायचं, वही तीन वर्षं जपायची. मावशीच्या दोन गोळ्या कुठल्या वहीत आहेत, ते मी विचारायला गेले नाही.

(दृश्य: मावशीचं स्वयंपाकघर. संध्याकाळ. कूलरचा आवाज.)

रिपोर्टवर एका औषधासमोर एस होता, म्हणजे औषध लागू. नायट्रोफ्युरँटोइन. १९५० च्या दशकातलं, स्वस्त. डॉक्टरांनी मावशीची किडनीची तपासणी बघितली आणि पाच दिवसांसाठी तेच लिहिलं, जेवणानंतर घ्यायचं.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन. "काऊन वं, लघवी एकदम पिवळीजर्द होऊन राहिली. हळद सांडल्यावानी. त्या मुडद्यानं हीही गोळी फोडली का काय?"

मी म्हटलं, "रंग औषधाचाच आहे, मावशी. आणि ही त्यानं फोडलीच पाहिजे."

"म्हणजे?"

"ही त्या क्षयाच्या पुडीसारखी. ई. कोलायच्या आत एक एन्झाइम आहे, ते हिला उघडतं. उघडली की तोच मरतो."

पलीकडे थोडा वेळ फक्त कूलरचा आवाज.

"मंग त्यानं नाही उघडली तर?"

"तसेही असतात काही. प्लेटवर तुझ्या नव्हते."

"बरं," मावशी म्हणाली. "मंग पाचही दिवस घेतो. डबा घासून ठेवला म्या, त्यात आता शेवया भरतो."